शेवटच्या वर्गाचा अमृतमहोत्सव

शाळेचा अमृतमहोत्सव साजरा होणार आणि शाळेचा मराठी विभाग बंद होणार, या दोन्ही गोष्टी आम्हांला एकाच बैठकीत समजल्या. आधी अमृतमहोत्सवाचं बोलणं झालं. मंडप कुठं घालायचा, जुन्या मुलींना निरोप कसे द्यायचे, नाटक कुणी बसवायचं. मग चहा आला. चहा झाल्यावर प्रिन्सिपल सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की यंदाची दहावी बाहेर पडली की मराठी विभाग संपेल. संस्थेत वरच्या पातळीवर तसं ठरलंय.

कुणी रडलं नाही. आम्हांला ते आधीच दिसत होतं. पाचवीचे प्रवेश कधीच थांबले होते. दर जूनला खालचा एक वर्ग गळायचा, त्याची बाकं उचलून इंग्रजी विभागात नेली जायची आणि दारावरची पाटी बदलायची. आता आमच्याकडे वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली एकच खोली उरली होती. तीच दहावी, तोच मराठी विभाग.

माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, की ही शाळा सुरूच मराठीतून झाली होती ना? प्रिन्सिपल सिस्टर मूळच्या वसईकडच्या, घरी मराठीच बोलणाऱ्या. स्वभावानं वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "झाली होती. पण मला एक सांगा, तुमच्यापैकी कुणाची मुलगी मराठीत शिकली?"

खाली मैदानावर पीटीच्या बाईंची शिट्टी वाजत होती. बैठक संपली आणि आम्ही आपापल्या तासांना गेलो.

मी या शाळेत मराठी शिकवत होते आणि त्याआधी याच शाळेत शिकले होते. नुसती शिकले नव्हते, शाळेच्या मागच्या वसतिगृहात राहिले होते. आमचं गाव गंगापूर तालुक्यात. वडील सरकारी रस्त्यांच्या गँगवर होते. उन्हाळाभर डांबराशेजारी उभे राहायचे, त्यामुळं त्यांच्या चपलांना कायम काळा थर असायचा. आमच्या वस्तीतली कुठलीच मुलगी चौथीच्या पुढं बाहेरगावी शिकायला गेली नव्हती. वडिलांना कुणीतरी सांगितलं, की औरंगाबादला सिस्टर लोकांची मुलींची शाळा आहे, मराठीतच शिकवतात, गावाकडच्या मुलींना ठेवूनही घेतात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. वडिलांनी मला यष्टीत बसवलं आणि घेऊन आले.

वसतिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. उंच, सावळ्या, चालताना थोड्या पुढं झुकायच्या. तरुणपणी त्यांना इथं पाठवलं तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, असं त्या स्वतःच सांगायच्या. मराठी त्यांना पुस्तकानं शिकवली नव्हती, वसतिगृहातल्या पोरींनी शिकवली होती. पोरी गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या. त्यामुळं सिस्टरांच्या तोंडी आमची अस्सल गावची बोली बसली होती. शहरातले पालक आले की चकित व्हायचे, काही तोंड फिरवून हसायचे. पांढऱ्या झग्यातली बाई 'लई' आणि 'नाय' म्हणते, हे त्यांना गमतीचं वाटायचं.

माझ्या वडिलांना गंमत वाटली नाही. ते घाबरलेले होते. ऑफिसात खुर्चीवर बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. शेवटी धीर करून म्हणाले, "सिस्टर, एक सांगून ठेवतो. आम्ही बौद्ध हाओत. आमचा धरम एकदा बदलून झालाय. आता पुन्हा बदलायचा नाय."

सिस्टर म्हणाल्या, "मला पोरगी शिकवायची हाय. तिचा धरम तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

वडील तेव्हा कुठं खुर्चीवर टेकले. जाताना फाटकापाशी मला म्हणाले, की काळजी करू नको, ही बाई आपल्यावाणीच बोलती.

त्या वसतिगृहात मी पाचवी ते दहावी काढली. सिस्टर मायाळू होत्या असं सरसकट म्हणता येणार नाही. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करायला लावायच्या, ताटात अन्न टाकलं तर संध्याकाळी तेच पुढं ठेवायच्या. पण तापात रात्ररात्र उशाशी बसायच्या. पाळी आल्यावर घाबरून संडासात लपलेल्या मुलीला बाहेर बोलावून गरम पाणी द्यायच्या आणि काही झालंच नाही असं वागायच्या. कुणाचं लग्न ठरवून घरचे न्यायला आले, तर त्या फाटकात उभ्या राहून त्यांच्याच बोलीत भांडायच्या. प्रत्येक वेळी जिंकायच्या नाहीत. हरल्या की दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

मराठी विभाग बंद करायची गोष्ट पूर्वीही एकदा निघाली होती. मी तेव्हा शाळेत नवीनच शिक्षिका म्हणून लागले होते. सिस्टरांनी संस्थेच्या वरिष्ठांसमोर इतका हट्ट धरला, की तो विषय मागं पडला. त्या काय बोलल्या ते आम्हांला कळलं नाही. पण मराठी विभाग त्यांच्यामुळं राहिला हे सगळ्यांना माहीत होतं. नंतर त्या निवृत्त झाल्या. वसतिगृह ओस पडलं. गावोगावी शाळा झाल्या, जीपगाड्या झाल्या, आणि ज्यांना मुली शहरात शिकवायच्या होत्या त्यांना इंग्रजी हवं होतं. वसतिगृहाच्या जागी कॉम्प्युटर लॅब आली. सिस्टर कॉन्व्हेंटच्या आतल्या बाजूला, आजारी सिस्टरांच्या खोल्यांत राहायला गेल्या. सुरुवातीला मी जायचे. मग त्यांना पडल्यामुळं मार लागला, भेटीगाठी बंद झाल्या, मीही घर-संसाराच्या रगाड्यात राहिले.

बैठकीनंतर दोन-तीन दिवसांनी गणिताच्या बाई मला म्हणाल्या, की अमृतमहोत्सवाला संस्थेच्या प्रमुख येणार आहेत. म्हाताऱ्या सिस्टर त्यांच्याशी एक शब्द जरी बोलल्या, तरी पाचवीचा एखादा वर्ग पुन्हा सुरू होईल. त्यांचं कुणी मोडणार नाही. तू त्यांची पोरगी आहेस, तू जा.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला नोकरीचीही काळजी होती. विभाग बंद झाला की आम्ही अतिरिक्त ठरणार आणि सरकार पाठवील त्या शाळेत जावं लागणार. पण तेवढंच नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुली मोलकरणींच्या, भाजीवाल्यांच्या, वाळूजच्या कारखान्यांत रोजंदारी करणाऱ्यांच्या होत्या. त्यांच्यानंतर तशा मुलींना या फाटकातून आत यायला वाट उरणार नव्हती.

मी परवानगी काढून गेले. सिस्टरांची काळजी घ्यायला केरळचीच एक तरुण सिस्टर होती. हिंदीत बोलायची. तिनं दाराशीच मला सांगितलं, की जास्त अपेक्षा ठेवू नका, त्या आता कुणाला ओळखत नाहीत.

सिस्टर खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. मी पाया पडले आणि आमच्याच बोलीत विचारलं, "सिस्टर, ओळखलं का? म्या गंगापूरची."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चेहरा उजळला. माझा हात धरून त्या भराभरा बोलायला लागल्या. मल्याळममध्ये. मला एक अक्षर कळेना. मी तरुण सिस्टरकडं पाहिलं. ती म्हणाली, त्या तुम्हांला चेच्ची म्हणतायत. म्हणजे मोठी बहीण. त्यांना वाटतंय, तुम्ही माहेरहून आलात.

मी मराठीत बोलत राहिले. वसतिगृहाचं सांगितलं, अंगणातल्या कडुलिंबाचं, वडिलांचं. सिस्टर मान हलवायच्या आणि मध्येच त्यांच्या भाषेत काही विचारायच्या. तरुण सिस्टर म्हणाली, की गेल्या पावसाळ्यापर्यंत थोडं इंग्रजी यायचं, तेही गेलं. मराठी तर आपण त्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नाही. मी तिला म्हणाले, की या बाईंना माझ्यापेक्षा चांगली मराठी येत होती. तिनं विश्वास बसल्यासारखं दाखवलं.

त्यानंतर मी शाळा सुटल्यावर जवळजवळ रोज जायला लागले. मनात वेडी आशा होती, की सारखं कानावर पडलं तर काहीतरी परतेल. आम्ही वसतिगृहात म्हणायचो त्या प्रार्थना म्हणून पाहिल्या. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली. त्यांनी भाकरीचा तुकडा हातात फिरवला आणि ताटलीत परत ठेवला. तरुण सिस्टर म्हणाली, त्या विचारतायत हे काय आहे. इथली सगळी वर्षं त्यांनी ती भाकरी खाल्ली होती.

एकदा मी न राहवून सगळं सांगून टाकलं. म्हणाले, सिस्टर, मराठी बंद करतायत. तुम्ही थांबवलं होतं तसं थांबवा ना एकदा. बोलता बोलता मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पदरासारखं आपल्या डोक्यावरच्या ओढणीचं टोक घेऊन माझे डोळे पुसले आणि काहीतरी समजावलं. तरुण सिस्टर बाहेर गेली होती. त्या काय म्हणाल्या ते मला कधीच कळलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत मी सांगितलं, की यातून काही निघणार नाही. गणिताच्या बाईंना ते मान्य होईना. एखाद्या दिवशी शुद्धीवर येतात अशी माणसं, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या सासऱ्यांचं तसं झालं होतं.

तोवर तयारी जोरात सुरू झाली होती. शाळेच्या स्थापनेवर नाटक बसत होतं. निजामाचं राज्य गेल्यावर तीन-चार सिस्टर इथं आल्या, पत्र्याच्या छपराखाली गावच्या मुलींना बाराखडी शिकवायला लागल्या, असा प्रसंग होता. आमच्या दहावीच्या मुलींना वाटलं, यात आपण असणार. पण त्यांची परीक्षा जवळ आली होती आणि संख्याही कमी होती, म्हणून नाटक इंग्रजी विभागाला दिलं गेलं. मराठी संवाद आणि गाणं शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मुली हुशार होत्या, गोड होत्या. त्या मराठी ओळी इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायच्या आणि तशा पाठ करायच्या. 'ळ' कुणालाच नीट येत नव्हता. पत्र्याखालच्या गावच्या मुलींतल्या एकीचं काम करणारीनं मला विचारलं, की टीचर, 'धडा' म्हणजे काय? मी सांगितलं. तिनं थँक्यू म्हटलं.

आमच्या दहावीला पाहुण्यांच्या स्वागताचं काम मिळालं. औक्षणाची तबकं धरायची आणि वाट दाखवायची. त्यांना नऊवारी नेसवायचं ठरलं. मुली खूश होत्या. पडेगावची एक मुलगी, वर्गातली सगळ्यांत हुशार, मला म्हणाली, की मॅडम, नाटकात बोलायला दिलं असतं तर आईला दाखवता आलं असतं. मी म्हणाले, फोटोत दिसशील की. तिनं मान डोलावली.

सत्काराच्या शाली आणायला मी आणि गणिताच्या बाई गुलमंडीवर गेलो. सगळ्यांसाठी एकसारख्या घ्यायच्या होत्या. म्हाताऱ्या सिस्टरांसाठी मी वेगळी, मऊ लोकरीची बघितली. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मी म्हणाले, आईसाठी. गणिताच्या बाई दुसरीकडं बघायला लागल्या.

अमृतमहोत्सवाच्या दिवशी मैदान भरून गेलं होतं. जुन्या मुली पुण्याहून, मुंबईहून, परदेशातूनही आल्या होत्या. मिठ्या मारत होत्या, फोटो काढत होत्या. वसतिगृहातल्या फार कमी दिसल्या. एक तालुक्याला अंगणवाडीत होती. तिनं मला विचारलं, की आपली जागा कुठंय? मी कॉम्प्युटर लॅबकडं बोट दाखवलं. ती तिथं जाऊन काचेतून आत पाहून आली आणि मागच्या रांगेत बसली.

नाटक छान झालं. गाणं छान झालं. 'धडा' म्हणताना ती मुलगी चुकली नाही. संस्थेच्या प्रमुख सिस्टर इंग्रजीत बोलल्या. त्यांनी पत्र्याच्या छपराचा उल्लेख केला, गरीब मुलींचा केला. मराठी विभागाचं काही निघालं नाही. बहुतेक पाहुण्यांना तो बंद होतोय हे ठाऊकच नव्हतं.

मग म्हाताऱ्या सिस्टरांना चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठावर आणलं. सगळं मैदान उभं राहिलं. मी शाल पांघरली, प्रमुखांनी हार घातला. निवेदिका म्हणाली, की सिस्टर आपल्याला आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील, आणि तिनं माइक त्यांच्यापुढं धरला. हे ठरलेलं नव्हतं. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी हात जोडलेले मला दिसले.

सिस्टरांनी त्या गर्दीकडं पाहिलं. आणि खणखणीत आवाजात बोलायला लागल्या. पूर्वी वसतिगृहाच्या ओट्यावरून बोलायच्या तसाच आवाज. पण भाषा मल्याळम. बराच वेळ बोलल्या. मध्ये एकदा हसल्या, एका हातानं लांबवर काहीतरी दाखवलं. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या काही जुन्या मुली डोळे पुसत होत्या. निवेदिका म्हणाली, की भाषा कळली नाही तरी माया कळली.

खुर्ची खाली उतरवताना मी तरुण सिस्टरला विचारलं, की त्या काय बोलल्या. तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "उनको लगा दीदी की शादी है। बोल रही थीं, सब लोग खाना खाके जाना।"

मी प्रमुख सिस्टरांना त्या दुपारी एकटी भेटले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मंडपाच्या मागं त्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. मी जमेल तशा इंग्रजीत सांगितलं, की मी या मराठी विभागातून शिकले, माझे वडील रस्त्यावर डांबर टाकायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्हांला पाहून फार आनंद झाला, तुम्ही आमचं यश आहात. मग गाडी आली.

मार्चमध्ये परीक्षा झाल्या. निरोपाच्या समारंभाला मुलींनी वर्गाला फुगे लावले. कुणी भाषण केलं नाही. निकाल लागला, तेव्हा पडेगावची मुलगी पहिली आली. आमच्याच आवारात अकरावी सायन्स आहे, इंग्रजीतून. तिला प्रवेश मिळाला. मी तिला शिकवणी द्यायचं ठरवलं होतं, पण मला विज्ञान कुठं येतं. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. मी घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, की डोक्यात काय शिरत नाय म्हणती, वर्गात कुणाशी बोलत नाय, म्हणून घरीच हाय. मुलगी आत होती. बाहेर आली नाही. मी आईला मराठी कॉलेजांची नावं सांगितली. ती व्हय व्हय म्हणाली. नंतर फोन केला तर लागला नाही.

सिस्टर त्याआधीच, पावसाळ्यात गेल्या. शाळेच्या ग्रुपवर इंग्रजीत निरोप आला. अंत्यविधीला पाऊस होता, माणसं थोडी होती. प्रार्थना इंग्रजीत झाल्या, एक मल्याळममध्ये झाली. मराठीत काही म्हणायचं का, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही पुढं झाले नाही. अंगणवाडीतली ती मैत्रीण यष्टी उशिरा लागल्यामुळं माती टाकून झाल्यावर पोचली. आम्ही दोघी चिखलात उभ्या होतो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "जेवली का गं तू?" मी नाही म्हणाले. मग आम्ही फाटकाबाहेरच्या गाड्यावर चहा घेतला आणि पाव खाल्ला.

पुढच्या वर्षी माझं समायोजन झालं गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेत. माझं गाव तिथून फार लांब नाही, पण आता तिथं कुणी उरलेलं नाही. गणिताच्या बाईंनी नोकरीच सोडली. मी सकाळी यष्टीनं जाते, ती चुकली तर जीपनं. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी चहा मागवला. भला माणूस, निवृत्तीला आलेला. कुठून आलात, असं विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं.

"ती तर इंग्लिश शाळा," ते म्हणाले. "तिथं मराठी कधी होतं?"

मी होतं म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मला वर्ग दाखवायला घेऊन गेले. व्हरांड्यातून जाताना सांगत होते, की इथलाही पट उतरतोय, गाड्या येतात आणि पोरं इंग्रजीला घेऊन जातात, तुम्हांला फार दिवस इथं ठेवता येईल असं वाटत नाही. वर्गात मुलं उभी राहून नमस्ते म्हणाली. मी त्यांना बसा म्हटलं आणि खडू घेतला.